पाणी गेलं त्या वाटेनं

लखनौच्या युनिव्हर्सिटी रोडवर बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था आहे. तिची कोनशिला संस्थापक साहनींनी स्वतः घडवली होती. जगाच्या निरनिराळ्या भागांतले, निरनिराळ्या युगांतले वनस्पतींचे जीवाश्म त्यांनी त्या शिळेत बसवले. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ती बसली आणि आठवड्याच्या आतच साहनी गेले. संस्था पुढे त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी सांभाळली. मी इथल्या एका शाळेत भूगोल शिकवते आणि वर्गाला तिथलं संग्रहालय दाखवायला नेते. दगड झालेलं लाकूड पाहिलं की मुलांचा प्रश्न ठरलेला असतो : हे झाड उभं होतं तिथं आता काय आहे?

त्याचं एक उत्तर जैसलमेरजवळ आकल इथं उघड्या माळावर पडलेलं आहे. नववीतल्या माझ्या लेकीनं ‘मग आपण तिथं का जात नाही?’ असं विचारलं आणि हिवाळ्याच्या सुट्टीचा बेत ठरला. राखीगढी, कालीबंगा, बिकानेर, फलोदी, जैसलमेर असा रस्ता आखला. गाडी आपली, तंबू आपला, शेगडी आपली. बरोबर नवरा, लेक, धाकटा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. राजस्थान म्हटलं की किल्ले, हवेल्या आणि उंटावरचा फोटो हे ठरून गेलंय. ते वाईट नाही, पण मला मुलांना दुसरं काही दाखवायचं होतं. वाळवंट ही पाणी निघून गेलेली जागा असते. ते कधी गेलं, कसं गेलं आणि गेल्यावर माणसांनी काय केलं, हे सगळं जमिनीवर वाचता येतं.

डिसेंबरच्या शेवटी लखनौहून निघणाऱ्यानं पहाटे निघायचा हट्ट धरू नये. गंगेच्या मैदानातलं धुकं त्या दिवसांत इतकं दाट असतं, की पुढच्या ट्रकचा लाल दिवा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आम्ही ऊन वर आल्यावर आग्रा एक्सप्रेसवेला लागलो. ३०२ किलोमीटरचा हा रस्ता आणि पुढचा यमुना एक्सप्रेसवे यांवर सांगण्यासारखं काही नाही. गाडी पळते आणि मुलं झोपतात.

हरियाणातल्या हिसार जिल्ह्यातलं राखीगढी हे आजच्या गावाच्या पोटात दडलेलं हडप्पाकालीन शहर आहे. काही टेकाडांवर आजही घरं आहेत, गोवऱ्या थापलेल्या असतात. इथं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या पथकानं दफनभूमी खणली. तिथल्या एका स्त्रीच्या सांगाड्यातून मिळालेल्या डीएनएवरचा शोधनिबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या लेखकांत आमच्या साहनी संस्थेचे नीरज राय आहेत. पुण्याची कुदळ आणि लखनौची प्रयोगशाळा हरियाणातल्या एका शेताच्या कडेला भेटतात, याचा मला फार आनंद वाटतो.

पण मुक्काम करावा तो कालीबंगाला. हनुमानगढ जिल्ह्यात, घग्गरच्या कोरड्या पात्राच्या काठावर ही टेकाडं आहेत. त्यांच्या प्राचीनतेचा अंदाज सर्वांत आधी आला तो लुइजी पिओ तेस्सितोरी या इटालियन अभ्यासकाला. राजस्थानी डिंगळ काव्याच्या शोधात तो बिकानेर संस्थानात हिंडत होता. १९१९ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो बिकानेरलाच वारला. सिंधू संस्कृतीची घोषणा जॉन मार्शलनी केली १९२४ मध्ये. आपण काय पाहिलं होतं हे कळायला तो माणूस उरला नव्हता. पुढे १९६० च्या दशकात बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांनी इथं नऊ हंगाम उत्खनन केलं.

त्यात सापडलं एक नांगरलेलं शेत. सुमारे इ. स. पू. २८०० मधलं, म्हणजे हडप्पाची मोठी शहरं उभी राहण्याच्याही आधीचं. त्यात एकमेकींना छेदणाऱ्या तासांच्या दोन रांगा होत्या : पूर्व-पश्चिम तासं सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर, तर उत्तर-दक्षिण तासं सुमारे १९० सेंटिमीटर अंतरावर. उत्खनन करणाऱ्यांनी आजूबाजूच्या शेतांकडे पाहिलं, तर शेतकरी अजून तसंच नांगरत होते. जवळजवळच्या तासांत हरभरा, लांबलांबच्या तासांत मोहरी. मोहरी उंच वाढते. ती उत्तर-दक्षिण आणि विरळ लावली की तिची सावली हरभऱ्यावर फार वेळ पडत नाही. ते प्राचीन शेत जपण्यासाठी पुन्हा मातीनं बुजवलं आहे. त्यामुळे पाहायला मिळतात ती टेकाडं, विटांचे तुकडे आणि १९८३ मध्ये उभारलेलं छोटं संग्रहालय. बाहेर पडलो तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोहरी फुललेली. सासूबाई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, ‘अगं, आपल्याकडे ज्वारीत करडईचे पाटे घालतात ना, तसंच की हे.’ आंतरपिकाचं गणित मला त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

मग घग्गर आटली कशी? पुष्कळ वर्षं असं मानलं जाई, की इथून हिमालयातून उतरणारी मोठी बारमाही नदी वाहत होती आणि ती आटल्यावर शहरं मेली. आयआयटी कानपूरचे राजीव सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कालीबंगाजवळच जमिनीत खोल छिद्रं घेऊन वाळूचं वय काढलं. २०१७ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार सतलजनं हा मार्ग सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच सोडला होता. म्हणजे कालीबंगा वसलं ते मोठ्या नदीनं टाकून दिलेल्या पात्रावर, पावसाळी पाण्याच्या भरवशावर. सगळ्या शास्त्रज्ञांना हे मान्य नाही. नदी हडप्पाकाळातही बारमाही असल्याचं मांडणारे अभ्यास आहेत. मला स्वतःला पहिली मांडणी पटते. बेफाम महानदीच्या ऐन काठावर कुणी शहर बांधत नाही. शांत झालेलं पात्र आणि त्यातला सुपीक गाळ शेतकऱ्याला अधिक हवासा वाटतो.

कालीबंगाहून खाली येताना त्याच कोरड्या मुलखात पाणी एकदम परत भेटतं. हरिके बंधाऱ्यावरून सतलज-बियासचं पाणी आणणाऱ्या इंदिरा गांधी कालव्याची कल्पना १९४८ मध्ये कंवर सेन या अभियंत्यानं मांडली. ३१ मार्च १९५८ रोजी कामाची कोनशिला बसवली ती गोविंद वल्लभ पंतांनी, ज्यांनी त्याआधी लखनौतून उत्तर प्रदेशाचा कारभार हाकला होता. फीडर धरून साडेसहाशे किलोमीटर लांबीचा हा कालवा आहे. पण पाणी आलं म्हणजे सगळं सुटलं असं नाही. जमिनीखाली जिप्समचा किंवा चिकणमातीचा घट्ट थर असेल तिथं ते खाली मुरत नाही. वर येतं, क्षार घेऊन येतं. कडेनं पांढरी पडलेली, पाणथळ शेतं दिसतात. निसर्गानं सोडलेल्या वाटेनं पाणी पुन्हा न्यायचं तर त्याच्या निचऱ्याचाही विचार हवा, हे त्या शेतांकडे पाहताना कळतं.

फलोदीजवळच्या खीचनला सकाळी कुरजां, म्हणजे करकोचे, दाणे टिपायला उतरतात. तासभर थांबावं. याच फलोदीत १९ मे २०१६ रोजी तापमान ५१ अंशांवर गेलं होतं आणि आम्ही तिथं स्वेटर घालून उभे होतो.

आकलचं उद्यान जैसलमेरपासून सुमारे १७ किलोमीटरवर, बाडमेरच्या रस्त्याला आहे. एकवीस हेक्टरांचा उघडाबोडका माळ, त्यावर ठिकठिकाणी लोखंडी जाळ्या आणि पत्र्याची छपरं. छपराखाली आडवी पडलेली दगडी खोडं. १८ कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळाच्या सुरुवातीला, इथं उष्ण आणि दमट हवा होती. नद्यांच्या काठी उंच झाडं होती. पुरात उन्मळलेली खोडं वाळूत गाडली गेली, हवा न लागल्यानं कुजली नाहीत, आणि पाण्यात विरघळलेली सिलिका पेशीपेशीत शिरून तिथंच घट्ट झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं हे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपलं आहे. पुढे याच भागावर उथळ समुद्र पसरला. जैसलमेरचा किल्ला ज्या पिवळ्या दगडाचा आहे, तो त्या समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक. आधी जंगल, मग समुद्र, आता वाळू. पुस्तकात मी हे शिकवत आले, पण जाळीला नाक लावून खोडाच्या रेषा पाहणारा धाकटा ‘मग हे झाड पाणी पीत होतं?’ म्हणाला, तेव्हा त्या १८ कोटी वर्षांत काही तरी सजीव झालं.

आता तंबूबद्दल. जैसलमेरजवळच्या समच्या वाळूवरचे पर्यटकांचे तळ मी टाळले. रात्रभर कर्ण्यावर गाणी आणि दिव्यांचा झगमगाट असेल तर वाळवंटात जायचंच कशाला? आम्ही खुडीच्या बाजूला एका ढाणीवर, म्हणजे वस्तीवर, विचारून, घरमालकाच्या कुंपणाच्या आत तंबू ठोकला. इथल्या डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत मनाला येईल तिथं तंबू टाकता येत नाही, आणि पश्चिमेला सरहद्द जवळ असल्यानं रात्री आडरानात वावरणंही चालत नाही. तेव्हा गावात विचारावं, पोलिसांना माहिती द्यावी.

वाळूत लोखंडी खुंट्या टिकत नाहीत. पिशवीत वाळू भरून दोरीला बांधावी आणि हातभर खोल पुरावी. मग वारा कितीही सुटो. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू टाकू नये, लांब कुठं तरी पडलेला पाऊस तिथून धावत येतो. माणशी दिवसाला पाच लिटर पाणी धरावं. सकाळी बूट झटकूनच पाय घालावा. आपलं फुरसं या वाळूतही आहे. थंडीत ते सुस्त असलं तरी सवय सोडू नये. आणि पांघरुणात कंजुषी नको. हवेत बाष्प नाही, आभाळात ढग नाहीत, त्यामुळे दिवसाची ऊब सूर्य मावळताच निघून जाते. लखनौची रजई आम्ही गाडीत कोंबून नेली होती, ती सासूबाईंनी एकटीनं घेतली आणि कुणी तक्रार केली नाही.

त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंना सगळे माजीसा म्हणत. त्यांनी आम्हाला बाजरीचा जाड सोगरा आणि केर-सांगरीची भाजी वाढली. अंगणाच्या कडेला जमिनीत बांधलेलं टांकं होतं, आणि भोवतीचं सगळं अंगण त्याच्याकडे उतरतं केलेलं. पावसाचा थेंब न थेंब तिथं जमतो. त्या उतारावर चपला घालून जायचं नाही, हे मुलांना तिथल्या छोट्या पोरीनं बजावलं. पाण्यासाठी इतकी शिस्त मी लहानपणी माण तालुक्यात पाहिली होती, म्हसवडच्या आमच्या वस्तीवर, टँकरच्या दिवसांत.

डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचा आहे आणि त्यातला बराच भाग गवताळ माळ आहे, वाळूच्या टेकड्या थोड्याच. सुदासरीच्या कुंपणाजवळ वनखात्याच्या परवानगीनं सकाळी उभे राहिलो. चिंकारा पुष्कळ दिसले. मग लेकीनं दुर्बिणीतून गोडावण पाहिला, म्हणजे आपला माळढोक. त्याच्यासाठी सोलापूरच्या नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झालं, आणि आज तिथं तो दिसेनासा होत चाललाय. देशभरात मोकळ्या माळावर दीडशेच्या आसपासच उरलेत. बहुतेकदा एका वेळी एकच अंडं घालणारा, पंधरा किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी. डोळे बाजूंना असल्यानं समोरची वीजवाहिनी त्याला वेळेत दिसत नाही, आणि दिसली तरी एवढं अंग झटकन वळवता येत नाही. वीज सूर्याची आणि वाऱ्याची असली, तरी तिच्या तारा त्याच माळावरून जातात. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या जमिनीखाली घ्यायला सांगितलं होतं, २०२४ मध्ये तो आदेश सैल झाला. सम आणि रामदेवरा इथं पिंजऱ्यात पैदास चालू आहे, ती यशस्वी होवो. पण सोडायला माळ उरला नाही, तर त्या पिल्लांनी जायचं कुठं?

शेवटचा थांबा कुलधरा. पालिवाल ब्राह्मणांचं हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओस पडलं. सरळ गल्ल्या, छप्पर गेलेल्या भिंती, मधे देऊळ. दिवाण सालिमसिंगाची वाईट नजर, एका रात्रीत निघून गेलेली चौऱ्याऐंशी गावं आणि शाप, ही गोष्ट प्रत्येक वाटाड्या सांगतो. खरी कारणं वेगळी असावीत : जाचक कर होते, पाणी कमी होत गेलं होतं, आणि काही भूवैज्ञानिकांना पडझडीत भूकंपाच्या खुणा दिसतात. भुतांच्या गोष्टींनी या गावावर अन्याय केलाय, कारण पालिवालांचं खरं काम भिंतींच्या बाहेर आहे.

ते म्हणजे खडीन. खडकाळ उताराच्या तळाशी आडवा मातीचा बांध घालायचा. पावसाचं पाणी सगळ्या उतारावरून वाहत येतं, बांधाला अडतं, गाळ टाकतं आणि मुरतं. जादा पाणी सांडव्यानं जातं. पेरणीच्या आधी उरलेलं सोडून द्यायचं आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वरून पुन्हा पाणी नाही. जैसलमेरला वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही, तरी आम्ही पाहिलं त्या खडिनात गहू घोट्याच्या वर आला होता. शेताचा मालक बांधावरून चालत होता, त्यानं मूठभर माती उकरून ओल दाखवली.

तिथूनच मी म्हसवडला भावाला फोन लावला. आमच्या मळ्याच्या वरच्या अंगाला असाच मुरमाड उतार आहे, त्याचं पाणी सरळ ओढ्याला जातं. बांध कसा, सांडवा कुठं, पेरणी कधी, हे त्याला सांगितलं. त्यानं विचारलं, ‘ताई, तिथं पाऊस किती?’

आकडा सांगितला.

‘आपल्या निम्म्यानंसुद्धा न्हाई! मग आपल्याला काय धाड भरलीया? उतार मोजून ठेवतो, मे महिन्यात ये.’