खडान्‌खडा माहिती: नवं खनिज, नवे नखरे!

ऑस्ट्रेलियात ‘ध्रुवीय अस्वल’ आहे, माहीत आहे का? प्राणी नव्हे हो, जागेचं नाव! पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या लेक कोवान या खाऱ्या सरोवरात ‘पोलर बेअर पेनिन्सुला’ नावाचं द्वीपकल्प आहे. तिथे निकेलच्या शोधात फिरणाऱ्या मंडळींना एका खडकावर जांभळे ठिपके दिसले. प्रत्येक ठिपका फार तर अर्ध्या मिलिमीटरचा, पण रंग असा झकास की नजर हटू नये.

हे ठिपके पोहोचले अ‍ॅडलेडचे खनिजशास्त्रज्ञ पीटर इलियट यांच्या टेबलावर. तपासणीचा निकाल धमाल निघाला. स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम, क्रोमियम, गंधक, कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन, अशी सात मूलद्रव्यं एकाच स्फटिकात गुण्यागोविंदाने नांदत होती! २०१४ मध्ये या कार्बोनेट खनिजाचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. नाव पुटनिसाइट. अँड्र्यू आणि ख्रिस्टीन पुटनिस या खनिजशास्त्रज्ञ नवरा-बायकोच्या सन्मानार्थ. एका खनिजात जोडप्याचा सत्कार!

आणखी गंमत ऐका. बहुतेक खनिजांचं खानदान असतं, गट असतात, उपगट असतात. पुटनिसाइटला ना सख्खं भावंड, ना चुलत, ना मावस. त्याची रचना कुठल्याच ओळखीच्या खनिजाशी जुळत नाही.

आणि कडक किती? मोहच्या कठीणतेच्या पट्टीवर जेमतेम दीड ते दोन. आपलं नख साधारण अडीच. म्हणजे या पाषाणावर नखाने ओरखडा उठतो. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, इथे दगडच नखापेक्षा मऊ!

आता ‘कार्बोनेट’ म्हणजे कोण? मध्ये एक कार्बन, तीन कोपऱ्यांत तीन ऑक्सिजन. अगदी शब्दशः त्रिकोणी कुटुंब! या कुटुंबाला तुम्ही रोज भेटता. शहाबादी फरशी कार्बोनेट, संगमरवर कार्बोनेट, शिंपला कार्बोनेट, मोती कार्बोनेट. बाजारातली पांढरी रांगोळी बऱ्याचदा डोलोमाइट नावाच्या दगडाची पूड असते, तीही कार्बोनेटच.

माहीत आहे का, संगमरवरी ओट्यावर लिंबू सांडलं की चकाकी का जाते? आम्ल कार्बोनेटला खातं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. भूशास्त्रज्ञ नेमकी हीच युक्ती वापरतात. खिशात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली, दगडावर एक थेंब, आणि दगडाच्या तोंडाला फेस! कॅल्साइट लगेच फसफसतो. डोलोमाइट मात्र आळशी, त्याची आधी पूड करावी लागते.

पण फेस आला म्हणजे ‘नवं खनिज’ सापडलं असं नाही. खरी परीक्षा पुढे आहे, आणि तिच्या पहिल्याच पेपरात एक भारतीय नाव चमकतं. कोण? सर सी. व्ही. रामन! २८ फेब्रुवारी १९२८ ला त्यांनी शोधलेल्या रामन परिणामावर आज जगभरच्या खनिज-प्रयोगशाळा चालतात. स्फटिकावर लेसरचा झोत सोडायचा आणि विखुरलेल्या प्रकाशाचा आलेख पाहायचा. कार्बोनेट असेल तर १०८५ या आकड्याच्या आसपास एक उंच शिखर डोकं वर काढतं. कॅल्साइटचं शिखर तिथेच असतं, बाकीच्यांचं किंचित इकडे-तिकडे. या ‘इकडे-तिकडे’तच ओळख पटते. स्फटिकाला धक्काही लागत नाही, हे विशेष.

आणि रामन मंगळावरही पोहोचले आहेत, माहीत आहे का? नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरवर रामन तंत्राची उपकरणं आहेत. जेझेरो विवरात ती ज्या खनिजांचा माग काढतात, त्यात कार्बोनेटही आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या भाषणात टाळ्या घ्यायला हे एक वाक्य पुरे आहे.

पेपर दुसरा: क्ष-किरण. स्फटिकात अणू कुठे, किती अंतरावर, कुणाशेजारी बसलेत याचा संपूर्ण नकाशा इथे मिळतो. लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१४ मध्ये ज्या पहिल्यावहिल्या खनिजांची रचना उलगडली, त्यात कॅल्साइट होतं. पुढच्या वर्षी त्यांना वडिलांसोबत नोबेल मिळालं. वय? अवघं २५!

पेपर तिसरा: इलेक्ट्रॉनचा मारा करून कुठलं मूलद्रव्य किती टक्के ते मोजणं. इथे कार्बोनेटची पंचाईत होते. खनिजातून वीज वाहत नाही, म्हणून नमुन्यावर आधी बारीक थर चढवावा लागतो. कशाचा? कार्बनचा! आता खनिजातला कार्बन कुठला आणि थरातला कुठला? म्हणून कार्बनचं प्रमाण बऱ्याचदा क्ष-किरणांच्या नकाशावरून हिशोबाने काढतात. त्यात खनिजात पाणी असेल तर आणखी कठीण. माऱ्याखाली पाणी उडून जातं आणि नमुना तिथल्या तिथे बिघडतो. इतके नखरे सांभाळून अर्ध्या मिलिमीटरच्या कणाची कुंडली मांडणाऱ्यांना मनापासून सलाम.

पेपर झाले, आता निवडणूक! हो, खनिजासाठी मतदान होतं. आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेचा एक आयोग प्रत्येक प्रस्ताव तपासतो. दोन तृतीयांश मतं मिळाली तरच खनिज अधिकृत. नमुना संग्रहालयात ठेवणं सक्तीचं. आज अधिकृत यादीत ६००० हून अधिक खनिजं आहेत, आणि दर वर्षी साधारण शंभरेकांची भर पडते.

नावाचा नियम तर फक्कड आहे. जिवंत व्यक्तीचं नाव द्यायचं तर तिची परवानगी हवी. स्वतःचं नाव? अजिबात चालणार नाही! शोध तुमचा, बारसं तुमच्या हातून, पण पाळण्यात नाव दुसऱ्याचं.

अशा नावांमागे एकेक कादंबरी दडलेली असते. स्मिथसोनाइट घ्या, हे जस्ताचं कार्बोनेट. ‘कॅलामाइन’ म्हणून एकाच नावाखाली खपणारी खनिजं प्रत्यक्षात वेगवेगळी आहेत, हे जेम्स स्मिथसन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं. त्याच्याच संपत्तीतून वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था उभी राहिली. पण हा माणूस हयातीत अमेरिकेत एकदाही गेला नाही, माहीत आहे का? तो गेला ते मृत्यूनंतर. १९०४ मध्ये त्याचे अवशेष इटलीतून अमेरिकेला नेले ते टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने!

विदराइट हे बेरियमचं कार्बोनेट. नाव विल्यम विदरिंगवरून. हाच तो डॉक्टर, ज्याने डिजिटॅलिस या वनस्पतीचा हृदयरोग्यांवरचा उपयोग जगाला समजावला. डॉक्टरांची वनस्पती माणसं वाचवी आणि डॉक्टरांचं खनिज उंदीर मारी. विदराइट एकेकाळी उंदरांचं औषध म्हणून वापरलं जायचं.

पुटनिसाइटमधलं स्ट्रॉन्शियम आठवतंय? तेही एका कार्बोनेटमुळेच उजेडात आलं. स्कॉटलंडच्या स्ट्रॉन्शियन गावाजवळच्या शिशाच्या खाणीतल्या खनिजात ते दडलं होतं. गावाचं नाव थेट मूलद्रव्यांच्या तक्त्यात!

राष्ट्राध्यक्षाच्या नावाचं खनिजही आहे. न्येरेरेआइट, टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्या नावाचं. आणि ते राहतं कुठे? लाव्हारसात! टांझानियातला ओल डोइन्यो लेंगाई हा जगातला एकमेव जागृत ज्वालामुखी, जो सोडियमयुक्त कार्बोनेटचा लाव्हा ओकतो. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट ज्या तापमानाला वाहिला असेल, त्याच्या जवळपास निम्म्यावर, म्हणजे ५०० ते ६०० अंशांवर, हा लाव्हा वाहतो. दिवसा काळा दिसतो आणि हवेतला ओलावा लागला की पांढरा पडतो. कारण त्यातलं न्येरेरेआइट दमट हवेत टिकतच नाही, भराभर दुसऱ्या खनिजांत बदलतं.

त्याहून नाजूक प्रकृती इकाइटची. ग्रीनलंडच्या इक्का फ्योर्डमध्ये पाण्याखाली या खनिजाचे उंचच उंच खांब उभे आहेत, काही तर २० मीटरच्या घरातले. हान्स पाउली यांनी १९६३ मध्ये त्याचं वर्णन केलं. पाण्याबाहेर काढून आठ-दहा अंशांच्या वर तापू दिलं की खेळ खल्लास. खनिज विरघळल्यासारखं होतं, उरतं पाणी आणि कॅल्साइटचा लगदा. म्हणून या पठ्ठ्याला अभ्यासायचं तर बर्फातूनच न्यावं लागतं.

आता थोडं गणित, पण घाबरू नका, यात शेक्सपिअर टाइप मसाला आहे. पुस्तकात काही शब्द हजारदा येतात आणि असंख्य शब्द एक-दोनदाच. या दुर्मीळ शब्दांवरून लेखकाला आणखी किती शब्द येत असतील, याचा अंदाज बांधणारं संख्याशास्त्र आहे. खनिजशास्त्रज्ञ रॉबर्ट हेझन आणि सहकाऱ्यांनी तेच खनिजांना लावलं. तेव्हा कार्बनयुक्त खनिजं माहीत होती ४०३. गणित म्हणालं, अजून किमान १४५ लपून बसली आहेत!

मग काय, डिसेंबर २०१५ मध्ये ‘कार्बन मिनरल चॅलेंज’ची दवंडी पिटली गेली. २०१९ पर्यंत सुमारे ३० नवी खनिजं हाती लागली. पहिला नंबर अ‍ॅबेलाइटचा, स्पेनमधल्या कॅटलोनियात एका बंद पडलेल्या युरेनियम खाणीतून. सोडियम आणि शिशाचं हे कार्बोनेट. या यादीत रशियाचं टिननक्युलाइटही आहे. ते कार्बोनेट नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही: ते पक्ष्यांच्या विष्ठेतून तयार होतं, आणि नाव एका छोट्या ससाण्याच्या शास्त्रीय नावावरून!

अमेरिकेच्या उटाह राज्यातल्या मार्की खाणीने लिओझिलार्डाइट दिलं. अणूंच्या साखळी-प्रक्रियेची कल्पना ज्यांना १९३३ मध्ये सुचली, त्या लिओ झिलार्ड यांच्या नावाचं, आणि स्वतः युरेनियमयुक्त! पाण्यात टाकाल तर विरघळून जाईल. एक जोरदार पाऊस खाणीत शिरला असता, तर कदाचित हे नावच जन्माला आलं नसतं.

आणि आता रेकॉर्डब्रेकर! चेक प्रजासत्ताकातलं याखिमोव्ह गाव. मेरी आणि पिएर क्यूरी यांना १८९८ मध्ये रेडियमचा शोध ज्या खनिजाच्या गाळातून लागला, ते इथल्याच खाणीतलं. याच गावाच्या जुन्या प्लाव्नो खाणीत, ओलसर भिंतीवर, सोनेरी-पिवळे सूक्ष्म स्फटिक दिसले. २०१७ मध्ये त्यांची ओळख जगापुढे आली: युइंगाइट, तेव्हा पृथ्वीवर माहीत असलेलं सर्वांत गुंतागुंतीच्या रचनेचं खनिज!

गुंतागुंत म्हणजे किती? २४ युरेनियम अणू आणि कार्बोनेटचे त्रिकोण मिळून एक पोकळ पिंजरा बनतो. असे पिंजरे रचून स्फटिक उभा राहतो. मधल्या जागेत मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि भरमसाट पाणी. नाव रॉडनी युइंग यांचं, अणुकचऱ्याच्या अभ्यासातले दिग्गज. नाव अगदी शोभून दिसतं, कारण जमिनीखालच्या पाण्यातून युरेनियम प्रवास करतं तेव्हा कार्बोनेट हाच त्याचा मोठा सोबती असतो. हा पिंजरा समजला की अणुकचरा कुठवर पसरेल, याचा अंदाज पक्का होतो.

लक्षात आलं का? अ‍ॅबेलाइट, लिओझिलार्डाइट, युइंगाइट, तिन्ही जुन्या खाणींतली. माणसाने बोगदा खणला, हवा-पाणी आत शिरलं, आणि भिंतींवर नवी खनिजं उमलली. २०१७ च्या एका यादीत अशी मुख्यतः माणसाच्या उद्योगांमुळे घडलेली २०८ खनिजं मोजली आहेत.

चला, जरा आकाशात! बेन्नू या लघुग्रहाची माती नासाच्या यानाने २०२३ मध्ये पृथ्वीवर आणली. जानेवारी २०२५ मध्ये बातमी आली की त्यात ट्रोना आहे, सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेटचं खनिज. पृथ्वीबाहेरच्या नमुन्यात ते कधीच दिसलं नव्हतं. सोडियमचे हेच दोन क्षार आपल्या पापडखारात असतात! आणि अंतराळातून आलेल्या पाषाणाच्या धडकेने बनलेलं आपलं बुलढाण्याचं लोणार? त्याचं पाणीही सोडियमच्या याच क्षारांनी खारं. एकेकाळी लोणारचा खार साबण आणि काचेसाठी काढला जायचा. वैदर्भीय वाचकांनो, कॉलर ताठ!

शेवटचा धमाका. कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडक-शिंपल्यांतलं सर्वांत ओळखीचं कार्बोनेट. त्यात नवं काही सापडेल असं कुणाला वाटेल? पण २०१९ मध्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी त्याचं एक नवंकोरं स्फटिकरूप जाहीर केलं. दोन कार्बोनेटमागे पाण्याचा एक रेणू! कित्येक दशकांत असं पाणीदार नवं रूप कुणाच्या हाती लागलं नव्हतं. ते होतं प्रयोगशाळेतलं. मग निसर्गात? २०२४ मध्ये तेही कळलं. वाढत्या पोवळ्याच्या पृष्ठभागावर आणि शिंपल्याच्या आतल्या, मोत्यासारख्या चमकणाऱ्या थराच्या ताज्या कडेवर, तेच रूप.