एआयला तुमची बाग माहीत नाही

मार्च लागला की व्हॉट्सॲपवर हापूसच्या जाहिराती यायला लागतात. अलीकडे त्यातल्या बऱ्याच जाहिराती एकाच हाताने लिहिल्यासारख्या वाटतात. ‘कोकणच्या लाल मातीत पिकलेला फळांचा राजा’, ‘प्रत्येक घासात स्वर्गीय अनुभूती’, मध्ये आंब्याची तीन-चार चिन्हं आणि शेवटी ‘आजच ऑर्डर करा’. पाठवणारा रत्नागिरीचा बागायतदार असो की पुण्यात पेट्या आणून विकणारा तरुण, मजकूर तोच. आंबा कोणत्या गावचा, कसा पिकवलेला, पेटीत फळं किती, आत साका निघाला तर काय, यातलं काहीच त्यात सापडत नाही. गिऱ्हाईक मात्र फोन करून नेमकं हेच विचारतं.

हा मजकूर एआयकडून लिहून घेतलेला असतो, आणि तो असा येण्यात दोष बहुधा मागणीचा असतो. ‘हापूसवर आकर्षक पोस्ट लिहून दे’ एवढंच सांगितलं तर दुसरं काही येणंही कठीण आहे. छोट्या धंद्यांना या साधनाचा खरोखर उपयोग आहे, असं माझं ठाम मत आहे. जाहिरात संस्था परवडत नाही आणि हंगाम तर दोन-अडीच महिन्यांचा, अशा माणसाला रोजचा मजकूर झटपट तयार होणं ही मोठी सोय आहे. पण प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला दिलेली सूचना, कशी लिहावी याबद्दल काही गैरसमज घट्ट बसले आहेत आणि त्यापायी ही सोय वाया जाते.

‘एआयला सगळं माहीत असतं’

सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज हा. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं, तेव्हापासून त्याला चालताबोलता ज्ञानकोश समजण्याची सवय लागली. प्रत्यक्षात ही भाषा-प्रारूपं प्रचंड मजकुरावरून एक गोष्ट शिकलेली असतात: आतापर्यंतचे शब्द पाहता पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त. तुमची सूचना हा त्या मजकुराचा सुरुवातीचा भाग, आणि तिला शोभेल असं पुढचं ते रचत जातं. काही साधनं आता इंटरनेटवर शोधही घेतात, पण तुमच्या बागेबद्दल इंटरनेटवर काही नसेल तर तिथे सापडणार काय?

म्हणून नुसतं ‘हापूस’ म्हटलं की हापूसबद्दल आजवर सर्वाधिक वेळा जे लिहिलं गेलं, त्याचा गाळीव अर्क हाती येतो. ‘फळांचा राजा’ येतो तो तिथून. ही त्यातल्या त्यात निरुपद्रवी बाजू. धोका पुढे आहे. जाहिरातीत जी जागा भरलेली असावी असं प्रारूपाला ‘वाटतं’, पण जिच्यासाठी तुम्ही माहिती दिलेली नाही, ती जागा ते स्वतःहून भरतं. ‘तीन पिढ्यांचा वारसा’, ‘१०० टक्के सेंद्रिय’, ‘जीआय मानांकित’, ‘केमिकलमुक्त’ असे शब्द सहज येऊन बसतात आणि वाचायला छान वाटतात म्हणून तसेच पुढे जातात.

यातल्या बऱ्याच शब्दांमागे नियम आहेत. हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते ऑक्टोबर २०१८ मध्ये, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या ५ जिल्ह्यांसाठी. बाग या जिल्ह्यांत असली तरी मानांकनाचं नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ‘सेंद्रिय’ या शब्दाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१७ चे नियम लागू होतात. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला देशात बंदी आहे, तर इथिलीन वायूचा मर्यादेतला वापर चालतो. तुमचा आंबा पेंढ्याच्या आढीत पिकतो की इथिलीनच्या खोलीत, हे तुम्हालाच ठाऊक. ‘केमिकलमुक्त’ लिहिणाऱ्या यंत्राला त्याचा पत्ताही नसतो.

तेव्हा प्रॉम्प्ट सुधारायचा तर सुरुवात कागदापासून करावी. धंद्याची माहिती एकदा बसून लिहून काढायची: बाग कोणत्या गावात, कोणत्या तालुक्यात, कलमं किती आणि साधारण कोणत्या वयाची, काढणी कधी सुरू होते, आंबा कसा पिकवता, फळाचं वजन किती ते किती, पेटी ४ डझनांची, ५ की ६, यंदाचा भाव आणि तो तसा असण्याचं कारण, मोहोराच्या वेळी हवामान कसं होतं, पेटी कुठे पोचवता, किती दिवसांत, फळ खराब निघालं तर बदलून देता की पैसे परत, कोणकोणत्या नोंदण्या आहेत आणि कोणत्या नाहीत. ‘नाहीत’ हा भाग विसरू नये, कारण खोटे दावे तिथूनच आत शिरतात. हा कागद दर वेळी सूचनेसोबत जोडायचा आणि भाव किंवा तारीख बदलली की तेवढं बदलायचं. मग सूचना अशी होते:

‘सोबत आमच्या बागेची माहिती आहे. तिच्यावरून व्हॉट्सॲपसाठी ८० शब्दांच्या आत निरोप लिही. वाचणारे पुण्यातले आहेत आणि गेल्या वर्षी त्यांनी आमच्याकडूनच आंबा घेतला होता. त्यांना दोन गोष्टी कळायला हव्यात: पहिली काढणी कधी आणि यंदा भाव का वाढला. त्यांना “तुम्ही” म्हण. माहितीत नसलेला कोणताही दावा करू नकोस. काही कमी पडत असेल तर लिहिण्याआधी मला विचार.’

या सूचनेत अलंकारिक काही नाही, पण वाचणारा ठरला आहे, लांबी ठरली आहे आणि निरोपाचं काम ठरलं आहे. गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकाला ‘फळांचा राजा’ सांगायची गरज नसते. त्याला भावाचं कारण हवं असतं. अवकाळी पावसाने मोहोर गळला असेल तर तसं सरळ सांगितलेलं लोक समजून घेतात. सूचनेतलं शेवटचं वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. विचारायची मोकळीक दिली की यंत्र अनेकदा नेमके प्रश्न विचारतं: पोचवण्याचा खर्च भावात धरला आहे का, किमान किती पेट्या घ्याव्या लागतील. माहितीच्या कागदात राहिलेली भोकं अशी दिसून येतात.

‘एखादी जादूची ओळ असते’

‘५०० हमखास प्रॉम्प्ट’ अशा पुस्तिका फुकटही मिळतात आणि विकतही. त्यातल्या बहुतेकांची सुरुवात ‘तू वीस वर्षांचा अनुभव असलेला मार्केटिंग तज्ज्ञ आहेस’ अशी असते. अशी भूमिका दिल्याने सूर बदलतो, हे खरं. वकिलाची भूमिका दिली तर भाषा वकिली होते. पण भूमिका देऊन ज्ञान वाढत नाही. वस्तुस्थितीविषयक प्रश्नांवर संशोधकांनी अशा भूमिका मोठ्या संख्येने तपासून पाहिल्या, तेव्हा उत्तरांच्या अचूकतेत भरवशाची वाढ दिसली नाही. तज्ज्ञ म्हटलेल्या यंत्रालाही तुमच्या पेटीचा भाव तुम्हीच सांगावा लागतो.

‘जितका लांब प्रॉम्प्ट तितका चांगला’ ही याच समजुतीची दुसरी बाजू. २०२३ मध्ये एका संशोधनात दिसून आलं की लांबलचक मजकूर दिल्यावर त्याच्या सुरुवातीची आणि शेवटची माहिती प्रारूपं नीट वापरतात, मधली मात्र त्यांच्याकडून निसटते. तेव्हापासून प्रारूपं सुधारली आहेत; तरीही माहिती आधी आणि नेमकी मागणी सगळ्यांत शेवटी, हा क्रम पाळणं फायद्याचं ठरतं. माहिती भरपूर असावी, सूचना मोजक्या असाव्यात. ‘भडक लिहू नकोस, लांबण लावू नकोस, कृत्रिम लिहू नकोस’ अशा नकारांच्या माळेपेक्षा ‘छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट, भाव आकड्यात’ हे सांगणं जास्त लागू पडतं.

पहिल्या फटक्यात मनासारखं उत्तर आलं नाही की बरेच जण सोडून देतात, किंवा ‘अजून चांगलं कर’ एवढंच म्हणतात. ‘चांगलं’ म्हणजे काय हे यंत्राला कळायला काही वाट नाही. ‘दुसरा परिच्छेद काढ, भावाचं कारण पहिल्या ओळीत आण, शेवटी फोन नंबर दे’ असं सांगितलं तर दोन-तीन फेऱ्यांत काम होतं.

‘मराठीत जमत नाही, इंग्रजीत लिहून भाषांतर करून घ्यावं’

या समजुतीला थोडा आधार आहे. २०२० च्या जीपीटी-३ या प्रारूपाला शिकवताना वापरलेल्या मजकुरातले ९० टक्क्यांहून अधिक शब्द इंग्रजी होते. शिवाय प्रारूपं मजकूर तुकड्यांत तोडून वाचतात, आणि देवनागरीतल्या वाक्याचे अनेकदा तेवढ्याच आशयाच्या इंग्रजी वाक्यापेक्षा जास्त तुकडे होतात. मराठी उत्तरं पुस्तकी, कधी हिंदी वळणाची येतात, त्याची ही कारणं. नव्या प्रारूपांची मराठी बरीच सुधारली असली तरी ताठरपणा पुरता गेलेला नाही.

पण आधी इंग्रजी आणि मग भाषांतर हा त्यावरचा इलाज नव्हे. तसं केल्यावर शब्द मराठी होतात, पण वाक्याची ठेवण आणि विक्रीचा सूर परकाच राहतो. इचलकरंजीच्या किंवा चिपळूणच्या वाचकाला तो लगेच जाणवतो.

खरा उपाय जीपीटी-३ च्याच शोधनिबंधात होता. प्रारूपाला हव्या त्या कामाचे दोन-चार नमुने सूचनेतच दाखवले, तर बऱ्याच कामांत नुसत्या वर्णनापेक्षा चांगलं उत्तर येतं, हे त्यात दाखवलं होतं. धंद्याच्या लिखाणात याचा अर्थ अगदी सोपा आहे. तुम्ही पूर्वी स्वतः लिहिलेले आणि ज्यांना लोकांनी उत्तरं दिली असे तीन-चार निरोप शोधा, ते सूचनेत चिकटवा आणि म्हणा, ‘आम्ही असं लिहितो. नवा निरोप याच ढंगात लिही.’ ‘आपुलकीच्या भाषेत लिही’ असं दहा वेळा सांगून जे साधत नाही, ते आपल्याच तीन निरोपांनी साधतं.

आणि लिहिलेलं जवळ काहीच नसेल तर? तर बोला. फोनवरच्या गिऱ्हाइकाला सांगता तसं आंब्याबद्दल दोन मिनिटं मराठीत बोलायचं, फोन ते टाइप करतो, आणि त्या बोलण्यातलं पाल्हाळ तेवढं काढायला एआयला सांगायचं. ‘माझे शब्द शक्यतो तसेच ठेव’ हे बजावून सांगावं. ज्या बायका पापड-लोणच्यांचा धंदा करतात आणि ‘आम्हाला लिहिता येत नाही’ म्हणून मागे राहतात, त्यांच्यासाठी एआयचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही. सांगण्यासारखं त्यांच्याकडे भरपूर असतं.

‘चूक आहे का, हे त्यालाच विचारलं की झालं’

न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात वकिलाने हेच केलं होतं. ‘माटा विरुद्ध एव्हियान्का’ या प्रकरणात न्यायालयाला सादर केलेले काही पूर्वीचे निवाडे चॅटजीपीटीने रचलेले निघाले. हे निवाडे खरे आहेत का, असं वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं, आणि त्याने खरे असल्याचं सांगितलं होतं. जून २०२३ मध्ये न्यायालयाने संबंधित वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. ज्या पद्धतीने चुकीचा मजकूर तयार झाला, त्याच पद्धतीने ‘हो, बरोबर आहे’ हे उत्तरही तयार होतं. विचारायचंच असेल तर ‘या मजकुरातला प्रत्येक दावा वेगळा काढून यादी कर’ असं म्हणावं आणि ती यादी आपल्या माहितीच्या कागदाशी आपण स्वतः ताडून पाहावी.

‘एआयने लिहिलं, माझी काय चूक’ हेही कुठे ऐकलं जात नाही. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने शोकप्रसंगीच्या भाडेसवलतीबद्दल एका प्रवाशाला चुकीचं सांगितलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने भरपाईची जबाबदारी कंपनीवर टाकली. आपल्याकडे तर छोट्या उद्योजकालाही लागू होणारे कायदे आहेत. जांभळाच्या बियांच्या पावडरीवर जाहिरात मागितली, की ‘मधुमेह मुळापासून बरा करते’ असं वाक्य एआय लिहू शकतं. १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याच्या परिशिष्टात मधुमेह आहे. तो बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात हा गुन्हा ठरतो आणि पहिल्याच वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अन्नसुरक्षा कायद्याखाली खाद्यपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. बचत गटाच्या वर्षभराच्या कमाईवर पाणी पडायला एक वाक्य पुरतं.

‘एआयचा मजकूर टाकला की गूगल मागे ढकलतं’ ही भीती मात्र निराधार आहे. मजकूर कसा तयार झाला यापेक्षा तो वाचणाऱ्याच्या उपयोगाचा आहे का हे पाहतो, असं गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. मार्च २०२४ मध्ये त्यांनी नियम कडक केले ते क्रमवारीत वर येण्यासाठी ढिगाने काढलेल्या निरुपयोगी पानांविरुद्ध, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने.

राहिला प्रश्न खासगी माहितीचा. एआयशी झालेलं संभाषण आपल्यापुरतंच राहतं, असं धरून चालू नये. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीचा अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि कंपनीने अशा साधनांच्या वापरावर बंदी घातली. गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर आणि पत्ते ही तर दुसऱ्यांची माहिती. तिच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला आहे. ती यादी एआयच्या खिडकीत कधीच चिकटवू नये. गिऱ्हाइकांचे प्रश्न मात्र जरूर द्यावेत. गेल्या हंगामात व्हॉट्सॲपवर आलेले प्रश्न नावं आणि नंबर काढून एकत्र करावेत आणि त्यातले वारंवार येणारे प्रश्न वेगळे काढायला एआयला सांगावं. त्यांची उत्तरं आपण आपल्या शब्दांत लिहावी, माहितीच्या कागदाला जोडावी आणि यंदाचा पहिला निरोप त्या उत्तरांवरून तयार करून घ्यावा.