मेल्यानंतर काय? एक प्रश्न, उत्तरं अनेक

माणूस मेल्यावर जातो कुठे? हा प्रश्न विचारायला विद्वत्ता लागत नाही. घरात मृत्यू झाला की चौथीतलं पोरही तो विचारतं आणि मोठी माणसं ‘देवाघरी’ असं सांगून वेळ मारून नेतात. पण रायपूर आणि त्याच्या आसपासच्या मुलखात या एका प्रश्नाची इतकी उत्तरं नांदतात, की ‘देवाघरी म्हणजे नेमकं कुठे?’ असं पोरानं उलट विचारलं तर पंचाईतच व्हावी!

छत्तीसगढच्या खेड्यांत हे उत्तर चक्क पिठात शोधलं जाई. माणसानं जिथे प्राण सोडला तिथे पीठ पसरून झाकून ठेवायचं आणि सकाळी त्यावर कसला ठसा उमटलाय ते बघायचं. पक्ष्याचा पाय दिसला तर जीव पक्ष्याच्या जन्माला गेला, माणसाचं पाऊल दिसलं तर पुन्हा माणसातच आला. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर १९१६ मध्ये जो मोठा ग्रंथ काढला, त्यात अशा चालींची नोंद आहे. रात्री पिठावरून उंदीर धावला असेल, ही शंका त्या घरात कुणालाच आली नसेल का? आली असणारच. पण गेलेलं माणूस कुठेतरी आहे, हा दिलासा त्या शंकेहून मोठा होता.

अस्थी घेऊन लोक आजही रायपूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवरच्या राजिमला जातात. महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा तिथे संगम होतो, म्हणून त्याला छत्तीसगढचा प्रयाग म्हणतात. पिंड देणारा मुलगा मानतो, की बापाचा जीव अजून वाटेत आहे आणि त्याला शिदोरी हवी. पण आत्मा जुनी वस्त्रं टाकून नवी घालतो असं गीता सांगते. मग तो पिंड पोचतो कुणाला? असले खवचट सवाल चार्वाकाच्या नावानं आपल्याच जुन्या ग्रंथांत नोंदलेले आहेत. शंका घेणं ही काही परदेशातून आलेली गोष्ट नव्हे!

महानदीच्याच काठी, सिरपूरला, सातव्या शतकातलं विटांचं लक्ष्मण मंदिर उभं आहे. राणी वासटानं आपला दिवंगत पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ ते बांधलं. त्याच नगरात बौद्ध भिक्षूंचे विहार होते. पुनर्जन्म आहे, पण एका देहातून दुसऱ्या देहात जाणारा नित्य आत्मा नाही, असं ते शिकवत. राणीला आणि भिक्षूंना एकमेकांचं पटत नसणार, तरी एकच नगर दोघांना पुरलं. पुढे १९५६ मध्ये नागपूरला डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याचीही प्रतिज्ञा होती.

नागपूरचीच आणखी एक हकिकत पुनर्जन्माचा पुरावा म्हणून जगभर सांगितली जाते. १९७४ मध्ये तिथली एक मराठी प्राध्यापिका अधूनमधून वेगळीच बाई होऊ लागली. त्या अवस्थेत ती स्वतःला शारदा म्हणवी, बंगाली बोले आणि घरच्यांची मराठी तिला कळत नसे. आपल्याला साप चावला होता, असं ती सांगे. व्हर्जिनिया विद्यापीठाचे डॉ. इयन स्टीव्हन्सन आणि डॉ. सतवंत पसरिचा यांनी तिचा अभ्यास केला. तिनं सांगितलेल्या नातेवाइकांची नावं बंगालमधल्या एका घराण्याच्या वंशावळीत सापडली. पूर्वजन्म मानणाऱ्यांना आणखी काय हवं? शंका घेणाऱ्यांनी मात्र दाखवून दिलं, की या बाईंना बंगाली साहित्याची गोडी होती, बंगाली लिपीशी तोंडओळखही होती. खुद्द शारदेचं नाव वंशावळीत आहे का, हे पाहिलं असतं तर कदाचित निकाल लागला असता. पण त्या वंशावळीत बायकांची नावंच नव्हती!

इथपर्यंत सारं वादापुरतं. पण उत्तर चुकलं तर भोगावं लागतं जिवंतांना. ख्रिस्ती आणि मुस्लिम श्रद्धेनुसार देह मातीत ठेवायचा, कारण शेवटच्या दिवशी मेलेले पुन्हा उठणार आहेत. जानेवारी २०२५ मध्ये बस्तर जिल्ह्यातल्या छिंदवाडा गावचे एक ख्रिस्ती पाद्री वारले. त्यांना गावातच पुरायचं, अशी मुलाची इच्छा होती आणि गावातून त्याला विरोध झाला. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. दोन न्यायमूर्तींची मतं जुळली नाहीत. तोवर वीस दिवस देह शवागारातच होता. अखेर २७ जानेवारीला, आणखी ताटकळत ठेवणं बरं नव्हे म्हणून, वीसेक किलोमीटरवरच्या करकापालच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलीस बंदोबस्तात दफन करण्याचा आदेश झाला. मेलेल्याचं काय होतं ते सांगता येत नाही. मुलाचं काय झालं असेल, ते कळतं.

भुताखेतांच्या समजुतीचा मार बसतो तो बहुधा एखाद्या एकट्या, गरीब बाईला. हरेली अमावस्येला, म्हणजे आपल्याकडच्या दिव्यांच्या अमावस्येला, ‘टोनही’ मंत्रतंत्र साधतात, अशी तिकडे समजूत आहे. एखादीला टोनही ठरवून मारहाण करण्याचे प्रकार इतके होत, की २००५ मध्ये राज्याला त्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. नुसतं कुणाला टोनही म्हटलं तरी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रायपूरचे डॉ. दिनेश मिश्र आणि त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती गावोगाव हिंडून ही भीती घालवण्याचं काम करत आली आहे.

डॉ. मिश्र स्वतः नेत्रतज्ज्ञ, आणि परलोकाची अडचण डोळ्यांच्या डॉक्टरांनाही चांगलीच ठाऊक असते. ‘या जन्मी डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा!’ या भीतीनं कितीतरी घरं ऐनवेळी मागे फिरतात. आता बघा, चितेवर डोळे जळतातच, तरी पुढच्या जन्मी ते मिळतात असं आपण मानतो. मग दिलेलेच तेवढे का मिळू नयेत? दधीची ऋषींनी तर हाडंही दिली. त्यांना कुणी सद्गती नाकारलेली नाही. आणि पुढचा जन्म न मानणाऱ्याचा तर प्रश्नच उरत नाही.

वेळ मात्र थोडा असतो. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर घरच्यांनी पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि जवळच्या नेत्रपेढीला कळवावं. चष्मा असलेल्यांचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांचे डोळेही बहुधा चालतात. काम अर्ध्या तासाच्या आत उरकतं, चेहरा विद्रूप होत नाही आणि पुढचे विधी ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे ठरल्या वेळी करता येतात.