दाखल्यावरची तारीख
(लेखमाला : बारावीनंतरचा खर्च, भाग ५)

उसाचं बिल आणि कॉलेजची फी यांची वेळ कधी जुळत नाही. सोमेश्वर, माळेगाव आणि भवानीनगरचा छत्रपती, आपल्या बारामती परिसरातले हे तिन्ही कारखाने दिवाळीच्या मागेपुढे सुरू होतात. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. म्हणजे तोड लवकर मिळाली, बिलही वेळेवर आलं, तरी घरात पैसा दिसतो तो थंडीत. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंगच्या प्रवेशफेऱ्या चालतात पावसाळ्यात. नेमक्या त्याच दिवसांत आडसाली लागणीचं बेणं, खत आणि मजुरी यांत होतं नव्हतं ते सगळं गेलेलं असतं. वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे, सोमेश्वरनगर असो की इंदापूर तालुक्यातलं सणसर, पोरीचा नंबर लागल्याचा मेसेज आल्यावर आनंदाच्या मागोमाग येणारा प्रश्न एकच : भरायचे कुठून?

मागच्या भागात आपण कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची फेरी, आणि पसंतीक्रम पाहिला. या आठवड्यात महाडीबीटी, म्हणजे राज्याच्या बहुतेक सगळ्या शिष्यवृत्त्या ज्या एका पोर्टलवरून मिळतात, तिथला अर्ज. आधीच सांगतो, मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की आपल्या भागातल्या मुलांची शिष्यवृत्ती पात्रतेवर फारशी अडत नाही. ती अडते कागदावरच्या तारखेवर आणि नावातल्या एका अक्षरावर. पैसे नाहीत म्हणून शिक्षण सुटलं तर निदान त्याचं कारण तरी कळतं. दाखल्याची मुदत संपली म्हणून सुटलं तर ते नुकसान पूर्णपणे टाळता येण्याजोगं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागतं.

मुलींपासून सुरुवात करू, कारण मोठा बदल तिथेच झाला आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झालं. त्याआधी ही सवलत निम्मी होती. अट दोन गोष्टींची : कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही, खासगी अभिमत विद्यापीठांनाही नाही. ओळखीच्या कुणीतरी ‘तिकडे लगेच ॲडमिशन करून देतो’ असं सांगितलं की घरच्यांची घाई होते. त्या एका सहीने चार वर्षांची माफी हातची जाते.

आणखी एक बारकावा, जो प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर कळतो. माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तकं यांचा खर्च राहतोच. ‘फी माफ आहे’ एवढंच ऐकून मोकळ्या हातांनी गेलेल्या बापाला तिथे हजारो रुपयांचा आकडा ऐकावा लागतो. म्हणून कॉलेजच्या फी-पत्रकात कोणती रक्कम कोणत्या शीर्षाखाली आहे हे आधी वाचा. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. त्यात खुल्या प्रवर्गाला व्यावसायिक अभ्यासक्रमाचं निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, उत्पन्नाची मर्यादा तीच ८ लाखांची, आणि एका घरातल्या दोनच अपत्यांना. जुनी माणसं हिला अजून ईबीसीच म्हणतात. यशवंतराव चव्हाणांच्या काळात वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असणाऱ्या घरातल्या मुलांना फी माफ झाली, तेव्हापासून हा शब्द गावागावांत मुरला आहे. आजोबांनी त्याच सवलतीवर शाळा केली असेल तर नातवाच्या अर्जात काय लागतं ते त्यांना निम्मं ठाऊक असतं : उत्पन्नाचा दाखला.

आता या दाखल्याबद्दल जरा सविस्तर, कारण सगळा अर्ज त्याच्यावर उभा असतो. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते सातबारा, आठ-अ आणि इतर कमाई पाहून अहवाल देतात. दाखला निघतो आपापल्या तालुक्याच्या तहसीलदारांच्या सहीने. अर्ज गावातल्या महा-ई-सेवा केंद्रातून करता येतो. या दाखल्याला मुदत असते आणि ती साधारण ३१ मार्चला संपते. इथेच फसगत होते. बारावीच्या वर्षात सीईटीच्या गडबडीत फेब्रुवारीत दाखला काढून ठेवलेला असतो. फाइलमध्ये व्यवस्थित, प्लास्टिकच्या पिशवीत. ऑगस्टमध्ये तो अपलोड होतो आणि अर्ज परत येतो, कारण मार्च उलटून गेलेला असतो. नवीन आर्थिक वर्षाचा दाखला १ एप्रिलनंतरच काढायचा, आणि शक्यतो निकालाआधी, म्हणजे निकालानंतरच्या गर्दीत सापडत नाही.

दुसरा गैरसमज नॉन क्रीमीलेअरचा. ‘आमच्याकडे नॉन क्रीमीलेअर आहे, मग उत्पन्नाचा कशाला?’ हे जवळपास प्रत्येक ओबीसी घरात ऐकू येतं. दोन्ही वेगळे कागद आहेत. नॉन क्रीमीलेअर आरक्षणासाठी, उत्पन्नाचा दाखला शिष्यवृत्तीसाठी, आणि दोन्हींत उत्पन्न मोजायची रीतही एक नाही. दोन्ही काढायचे.

आणि आकडा कमी लिहून घेण्याची धडपड करू नका. दोन एकर ऊस, दोन गाई आणि जोडीला थोडी मजुरी असलेलं घर खर्च वजा जाता ८ लाखांच्या खूप आत असतं. एका दाखल्यावर दीड लाख आणि दुसऱ्यावर चार लाख असे दोन आकडे एकाच वर्षात पोर्टलवर गेले, तर खुलासा करताना नाकी नऊ येतात.

ज्यांच्यासाठी उत्पन्नाची मर्यादा खरोखरच कडक आहे ती घरं वेगळी. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या भारत सरकार पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीची उत्पन्न-मर्यादा २०१३ साली अडीच लाख ठरली. बारामती एमआयडीसीत महिना २२ हजारांवर गाडी चालवणाऱ्या बापाचं वर्षाचं उत्पन्न होतं २ लाख ६४ हजार. मर्यादेच्या फक्त १४ हजार वर. तेवढ्यासाठी मुलाचा निर्वाह भत्ता जातो. २०१३ मध्ये ज्या पैशात खोली आणि डबा भागत होता, त्यात आज पुण्यात नुसती खोलीही मिळत नाही, आणि मर्यादा मात्र तिथेच ठेवायची, हे मला अजिबात पटत नाही. अशा मुलांनी अर्ज सोडून देऊ नये. अडीच लाखांवरच्यांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे, तिला फ्रीशिप म्हणतात. भत्ता नाही, पण फी वाचते. अडीच लाखांच्या आत असलेल्या आणि सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात तिची रक्कम भोजनाला ३२ हजार, निवासाला २० हजार आणि निर्वाहाला ८ हजार, मिळून वर्षाला ६० हजार. ही फीशिवायची रक्कम आहे, म्हणून गावाबाहेर राहून शिकणाऱ्याला तिचा मोठा आधार. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तर अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. पाच एकरांच्या आत जमीन असेल तर अल्पभूधारकाचा दाखलाही त्याच फेरीत काढून घ्या. हा एक कागद आपल्या भागातली किती घरं विसरतात!

अर्ज भरण्याचं काम केंद्रात वा मोबाइलवर तासाभरात होतं, पण एका गोष्टीकडे बारीक लक्ष द्या. महाडीबीटीवर प्रत्येक कागदाची फाइल १५ ते २५६ केबीच्या मध्ये बसवावी लागते. मोबाइलने काढलेला फोटो मोठा असतो; तो दाबून दाबून लहान केला की तहसीलदारांच्या सहीखालचा बारकोड आणि दाखल्याचा क्रमांक पुसट होतो. कॉलेजातला क्लार्क तो क्रमांक वाचू शकला नाही की अर्ज ‘सेंड बॅक’. अपलोड झाल्यावर ती फाइल स्वतः उघडा, मोठी करा, क्रमांक मोठ्याने वाचा. वाचता आला तरच पुढे जा. तसंच नावाचं. दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि बँकेच्या पासबुकावर एकच नाव, एकच क्रम आणि एकच स्पेलिंग हवं. आधारवर नुसतं नाव-आडनाव आणि गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावासकट, असं असेल तर दुरुस्ती सुट्टीतच करून घ्यावी.

‘सबमिट’ झालं की सुटलो असं समजू नये. अर्ज आधी कॉलेजकडे, मग संबंधित खात्याच्या कार्यालयाकडे जातो. समाजकल्याणच्या योजनेचा अर्ज पुण्यातल्या सहायक आयुक्तांकडे. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून तो कुठे आहे ते पाहायचं. परत आला असेल तर दुरुस्तीला मुदत असते आणि तिचा मेसेज जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर गेलेला असू शकतो. प्रोफाइलमध्ये घरातला चालू नंबर घाला, केंद्रचालकाचा नव्हे.

पैसे येतात ते आधारशी जोडलेल्या खात्यात. खात्याला आधार ‘दिलेला’ असणं आणि तो बँकांमधल्या रकमा वळवणाऱ्या एनपीसीआयकडे ‘सीड’, म्हणजे त्या खात्याशी जोडलेला, असणं यात फरक आहे. शाळेत असताना जिल्हा बँकेत उघडलेलं खातं आणि नंतर दुसऱ्या बँकेत काढलेलं, यांपैकी आधार शेवटी जिथे सीड झाला तिथेच रक्कम जमा होते. कित्येक घरांत ‘आलीच नाही’ म्हटलेली शिष्यवृत्ती दुसऱ्या खात्यात पडून असते. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून बँकेचं नाव मिनिटभरात कळतं. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा २०२१ पासून थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. तो पैसा आल्याबरोबर खताच्या दुकानात गेला, तर परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी कॉलेज अडवतं.

दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा करायचा असतो, आणि बहुतेक योजनांत त्या वर्षीचा उत्पन्नाचा दाखला पुन्हा लागतो. हजेरीची अटही पाहिली जाते. शाहू शिष्यवृत्तीला किमान ५० टक्के.

(पुढील आठवड्यात : शैक्षणिक कर्ज. ८ लाखांच्या आतल्या घरांना पीएम विद्यालक्ष्मीची ३ टक्के व्याजसवलत कोणत्या कॉलेजांसाठी मिळते, आणि साडेसात लाखांपर्यंत बँकेने तारण का मागू नये.)