सपाट पृष्ठभाग धुण्याची तबकडी : स्वस्तात निवडताना काय पाहावे?

प्रेशर वॉशर हे यंत्र आता मोटार गॅरेजपुरते उरलेले नाही. दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात, द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये, कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये आणि शहरातील घरांच्या गच्चीवरही ते दिसू लागले आहे. यंत्र घेतल्यावर काही दिवसांतच त्याची मर्यादा लक्षात येते. हातातील नळीच्या टोकातून निघणारी पाण्याची धार जेमतेम चार बोटे रुंद असते. मोठी जमीन तिने धुवायची तर तासन्‌तास वाकून उभे राहावे लागते आणि जमिनीवर वाघाच्या कातड्यासारखे पट्टे उमटतात ते वेगळेच. यावर उपाय म्हणून ‘फ्लॅट सरफेस क्लीनर’ या नावाने गोल तबकडीसारखे जोडसाधन विकले जाते. बाजारात त्याचे स्वस्त नमुने भरपूर आहेत. त्यांतील कोणता घ्यावा हा प्रश्न वरवर अवजारांचा वाटतो. पण धुतलेल्या जागेत माश्या आणि डास कमी होणार की नाहीत, हेही काही अंशी त्याच निवडीवर अवलंबून असते.

तबकडीची रचना साधी आहे. उलट्या परातीसारख्या झाकणाखाली मध्यभागी स्विव्हल, म्हणजे फिरता सांधा असतो. त्याला आडवी दांडी जोडलेली असते व दांडीच्या दोन्ही टोकांना एकेक नोझल असते. नोझले किंचित तिरपी बसवलेली असल्याने बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या प्रतिक्रियेने दांडी वेगाने फिरते. त्यासाठी वेगळी मोटर लागत नाही. झाकणाच्या कडेला ब्रशच्या केसांची झालर असते. ती उडणारे पाणी आत अडवते आणि तबकडी जमिनीपासून ठरावीक उंचीवर ठेवते. धार सतत एकाच अंतरावरून पडत असल्यामुळे सफाई एकसारखी होते. हाताने धार मारताना हे अंतर सारखे बदलते आणि पट्टे उमटतात ते त्यामुळेच.

आकार नव्हे, प्रवाह

खरेदी करणारा प्रथम तबकडीचा व्यास पाहतो आणि दुकानदारही तोच पुढे करतो. मोठी तबकडी म्हणजे कमी फेऱ्या, हा हिशेब वरकरणी बिनचूक वाटतो. प्रत्यक्षात निर्णायक ठरतो तो यंत्राचा प्रवाह, म्हणजे मिनिटाला किती लिटर पाणी बाहेर पडते तो आकडा. खोक्यावर ठळक छापलेला असतो तो कमाल दाब. काम करतानाचा दाब आणि प्रवाह बारीक अक्षरांत असतात, आणि पाहायचे ते हेच दोन आकडे.

प्रवाहाची खात्री घरच्या घरी करता येते. नोझल काढून गनचे तोंड २० लिटरच्या बादलीत धरावे आणि बादली भरण्यास लागणारा वेळ मोजावा. तीन मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागला तर प्रवाह साधारण ६.५ लिटर प्रति मिनिट आहे. घरगुती विजेच्या यंत्रांत असा प्रवाह नेहमी आढळतो.

आता नोझलचा आकडा. नोझलवर ०१५, ०२, ०२५ अशा खुणा कोरलेल्या असतात. कित्येकदा त्यांच्या आधी धारेच्या कोनाचा आकडाही असतो. ०२ चा अर्थ असा की ४,००० पीएसआय दाबाला, म्हणजे सुमारे २७६ बारला, त्या छिद्रातून मिनिटाला दोन अमेरिकन गॅलन पाणी जाते. प्रवाह तोच ठेवून छिद्रे मोठी केली की दाब वर्गाच्या प्रमाणात घसरतो. समजा, एक यंत्र ११० बारला ६.५ लिटर पाणी देते. त्याला ०१५ ची दोन नोझले असलेली तबकडी जोडली तर दाब सुमारे ९१ बार राहतो. काम चांगले होते. त्याच यंत्राला ०२५ ची दोन नोझले असलेली तबकडी जोडली तर दाब ३३ बारच्या आसपास येतो. दांडी फिरते, आवाजही येतो, पाणी तर तेवढेच जाते. फक्त चिकटलेले शेण किंवा शेवाळ जागचे हलत नाही. पेट्रोल इंजिनच्या मोठ्या यंत्रांसाठी बनवलेली तबकडी लहान विजेच्या यंत्राला लावली की नेमके हेच घडते, आणि दोष यंत्राला दिला जातो. उलट नोझले फारच बारीक असली, तर दाब मर्यादेबाहेर जाऊ लागतो आणि यंत्र सारखे बंद-चालू होत राहते.

म्हणून मिनिटाला सहा-सात लिटरच्या यंत्राला १० ते १२ इंचांची तबकडी पुरे. १५ इंच किंवा त्याहून मोठी तबकडी दहा लिटरच्या पुढील यंत्रासाठीच घ्यावी. ज्या विक्रेत्याला तबकडीतील नोझलचा आकडा सांगता येत नाही, त्याच्याकडून ती घेऊ नये. नोझले बदलता येणारी तबकडी थोडी महाग पडली तरी अधिक किफायतशीर ठरते. पुढे यंत्र बदलले तर केवळ नोझले बदलून भागते.

पैसे वाचवायचे तर ते कुठे वाचवावेत? झाकण प्लॅस्टिकचे असले तरी चालते. चाके नसली तरी लहान तबकडीला फरक पडत नाही. फिरता सांधा मात्र पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा, बेअरिंग असलेला आणि शक्यतो ग्रीस भरण्याची सोय असलेला असावा. स्वस्त तबकड्यांत प्रथम निकामी होतो तो हाच भाग. झालर सुटी मिळते का, हेही विचारून घ्यावे. जोडणीच्या बाबतीत एक फसगत नेहमीची आहे. एम-२२ या आट्याच्या जोडण्या बाहेरून एकसारख्या दिसतात, पण आतील नळीचा व्यास काहींत १४ तर काहींत १५ मिलिमीटर असतो. न जुळणारी जोडणीही आट्यावर घट्ट बसते आणि पाणी सुरू करताच गळू लागते. जुनी गन सोबत नेऊन दुकानातच जोडून पाहणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग.

आर. के. पुरमची गच्ची

तबकडी कुठे वापरायची, यावरही निवड ठरते. दिल्लीतील आर. के. पुरम हे त्याचे बोलके उदाहरण आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवासस्थानांची ही वसाहत सेक्टरांत विभागलेली असून, नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या मराठी कुटुंबांनाही ती परिचित आहे. मे-जूनमधील धुळीच्या वादळांनंतर इथल्या गच्चीवर मातीचा थर बसतो, त्यात कडुनिंबाची व पिंपळाची पाने मिसळतात आणि पहिल्या पावसात त्याचा चिखल होतो. प्रेशर वॉशरला काम भरपूर. पण अडचणी दोन.

पहिली पाण्याची. नळाचे पाणी ठरावीक वेळी येते आणि गच्चीवरील टाकीत साठवले जाते. टाकी आणि यंत्र एकाच पातळीवर असल्याने यंत्राला पुरेसा दाब मिळत नाही. पंप उपाशी चालतो, त्यात हवेचे बुडबुडे होतात आणि त्याचे आयुष्य घटते. अशा ठिकाणी पिंपातून स्वतः पाणी खेचणारे यंत्र हवे आणि पाणी आत घेण्याच्या तोंडाशी बारीक जाळीचा फिल्टर हवाच. टाकीच्या तळाची रेती आधी तबकडीच्या नोझलमध्ये अडकते. दोहोंपैकी एक नोझल तुंबले की दांडी डगमगते आणि जमिनीवर अर्धवट वर्तुळे उमटतात.

दुसरी अडचण गच्चीच्या बांधणीची. उत्तर भारतातील जुन्या इमारतींत छतावर मातीचा थर देऊन त्यावर विटांच्या फरशा बसवण्याची पद्धत होती. या फरशांचे सांधे जुन्या चुन्याचे किंवा सिमेंटचे असतात. जोरदार धार त्यांत शिरली तर सांधे उघडे पडतात, खालची माती वाहू लागते आणि पावसाळ्यात खालच्या घराचे छत गळते. अशा गच्चीवर तबकडी वापरायचीच असेल तर ती सतत पुढे सरकती ठेवावी आणि सांधा पोकळ दिसला तर तिथे केवळ झाडूवर भागवावे. आपल्याकडील कोबा किंवा चायना मोझॅक केलेल्या गच्च्यांवरही तडे आधी तपासणे इष्ट.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने मात्र मुख्य प्रश्न धुण्यानंतर सुरू होतो. ६.५ लिटरच्या यंत्राने अर्धा तास काम केले तर जवळजवळ दोनशे लिटर पाणी गच्चीवर पडते. पावसाळी नळाचे तोंड पानांनी बुजलेले असेल तर ते कोपऱ्यात साचते. डेंगीचा प्रसार करणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला असे उथळ, स्वच्छ पाणी मानवते, आणि उष्ण हवेत अंड्यापासून पूर्ण डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. १९९६ च्या साथीत दिल्लीत डेंगीचे दहा हजारांहून अधिक रुग्ण आणि चारशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले. महापालिकेचे कर्मचारी घरोघरी जाऊन कूलर व टाक्या तपासतात ते याच अनुभवाने. तबकडी चालवण्यापूर्वी नळाचे तोंड मोकळे करावे आणि शेवटी उरलेले पाणी रबरी पट्टीने ओढून काढावे.

गच्चीवरील कूलरबाबत एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या भिंतीला ती चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी भरताच उबतात. सपाट जमिनीसाठीची तबकडी या उभ्या भिंतीपर्यंत पोहोचतच नाही. नुसत्या धारेने अंडी सुटली, तरी ती वाहून दुसऱ्या ओलसर जागी जाऊ शकतात. तिथे खरखरीत ब्रशने घासणे आणि घासलेला गाळ कापडाने टिपून काढणे याला पर्याय नाही. कूलर धुण्यासाठी म्हणून कोणी तबकडी घेत असेल, तर ती खरेदी वाया जाईल.

गोठ्यातील कड

गच्चीवर जे कूलरच्या भिंतीबाबत घडते, तेच गोठ्यात भिंतीच्या पायथ्याशी घडते. काँक्रीटच्या गोठ्यात या तबकडीचा लाभ खरा आहे. उघड्या धारेने शेण-मुताचे शिंतोडे गव्हाणीवर, भिंतीवर आणि जनावरांच्या सडांवर उडतात. झाकणामुळे ते आतच राहतात. मात्र धुण्याआधी शेण फावड्याने कोरडेच ओढून घेतले पाहिजे. तसे न केल्यास पातळ झालेले शेण भेगांत आणि नालीत जाऊन बसते.

घरमाशी, म्हणजे मस्का डोमेस्टिका, ओलसर शेणात व सांडलेल्या खाद्यात अंडी घालते. जनावरांचे रक्त शोषणारी चावरी माशी, स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स, कुजलेल्या वैरणीत शेण-मूत्र मिसळलेली जागा पसंत करते. उन्हाळ्यात घरमाशीची पिढी आठ-दहा दिवसांत पूर्ण होऊ शकते. येथे तबकडीची एक रचनात्मक उणीव महत्त्वाची ठरते. दांडी झाकणाच्या आत फिरत असल्यामुळे भिंतीलगतची बोटभर पट्टी न धुता राहते. चौकोनी कोपऱ्यात तर त्याहून मोठा तुकडा सुटतो. अळीची सवय अशी की वाढ पूर्ण झाल्यावर ती ओली जागा सोडते आणि कोरड्या कडेला, भिंतीच्या पायथ्याशी, गव्हाणीखाली, भेगेत जाऊन कोष करते. म्हणजे तबकडी जी कड सोडते, तीच माशीच्या कोषाची जागा. मधली जमीन आरशासारखी लखलखते आणि माश्या मात्र कमी होत नाहीत, याचा उलगडा बहुधा या बोटभर पट्टीतच सापडतो. ज्या तबकडीत दांडीचे टोक आणि झाकणाची कड यांतील अंतर कमी, ती गोठ्यासाठी चांगली. तरीही आठवड्यातून किमान एकदा कडा व कोपरे खरवडून, गन आणि साध्या नोझलने स्वतंत्रपणे धुतले पाहिजेत. जमिनीच्या भेगा बुजवल्यास हे श्रम पुष्कळ कमी होतात.

धान्याच्या गोदामात मात्र हे यंत्र नेऊच नये. तांबडा भुंगेरा, सोंडे किडे, खापरा भुंगेरा यांचा आश्रय भेगांतील धान्याच्या चुऱ्यात असतो हे खरे; खापऱ्याची अळी तर अशा फटीत अन्नावाचून दीर्घकाळ तग धरते. पण पाण्याने तो चुरा भेगेत आणखी खोल जातो, जमीन ओल धरते आणि नव्याने ठेवलेल्या पोत्यांना बुरशी लागते. तिथे झाडू, टोकदार पत्रा आणि व्हॅक्यूम क्लीनर हीच साधने योग्य.

वापराबाबत थोडेसे. यंत्र चालू असताना तबकडी उचलून पाहू नये. इतक्या दाबाची धार कातडीतून आत शिरते, आणि जखम बाहेरून लहान दिसली तरी तातडीने डॉक्टरांकडे जावे लागते. विजेच्या जोडणीला अर्थिंग व आरसीसीबी असल्याशिवाय ओल्या जमिनीवर काम करू नये. काम संपल्यावर नोझले बारीक तारेने साफ करावीत आणि सांध्यातील पाणी निथळू द्यावे. तबकडी गच्चीवर किंवा अंगणात उताणी टाकू नये. पावसाचे पाणी साचलेली अशी उथळ परात एडिसच्या मादीला कूलरच्या टाकीइतकीच सोयीची असते. ती आडोशाला, खुंटीवर टांगून ठेवावी.