शाळेची वेळ कोणी ठरवायची?

शाळा सकाळी भरते आणि सायंकाळी सुटते, हे आपण इतके गृहीत धरले आहे की ही वेळ कोणाच्या सोयीची, असा प्रश्नच पडत नाही. डॉ. चित्रा नाईक यांनी तो विचारला.

पुण्यात १९१८ साली जन्मलेल्या चित्राताईंनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात अध्यापक घडवणाऱ्या महाविद्यालयाच्या त्या प्राचार्या होत्या. पुढे राज्याच्या शिक्षण खात्यातील वरिष्ठ पदे आणि नियोजन मंडळाचे सदस्यत्व असा प्रवास झाला. पती जे. पी. नाईक हे कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव. दोघांनी उभारलेली भारतीय शिक्षण संस्था १९४८ साली मुंबईत सुरू झाली आणि १९७६ मध्ये पुण्यात आली. पदांची ही यादी मोठी असली, तरी त्यांचे खरे काम पुणे जिल्ह्यातील खेड्यांत दिसते.

तेथे १९७९ पासून त्यांनी कृतिसंशोधन हाती घेतले. गुरे राखणारी, धाकटी भावंडे सांभाळणारी, पाणी भरणारी मुले दिवसा शाळेत येऊ शकत नव्हती; त्यांत मुली अधिक. त्यांच्यासाठी रात्री दोन तासांचे वर्ग निघाले. जागा, वेळ आणि शिकवणारी व्यक्ती यांविषयीचा निर्णय गावाकडे सोपवण्यात आला. मुलांच्या प्रगतीचे मूल्यमापनही बाल-आनंद मेळाव्यात, खेळीमेळीने होई. परीक्षेची भीती काढून टाकण्याचा हा मार्ग आजही शहरी शाळांना सुचत नाही, हे नवलच.

या विचाराला गंभीर आक्षेप होता. रात्रीचे वर्ग म्हणजे गरिबांसाठी दुय्यम शाळा; त्यातून बालमजुरीला मान्यताच मिळते, असे टीकाकार म्हणत. आक्षेप खोटा नव्हता. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर देशभर पसरलेल्या अनौपचारिक केंद्रांपैकी अनेक ठिकाणी गावाचा सहभाग कागदावरच राहिला, आणि त्याविना उरतो तो केवळ स्वस्त वर्ग. पुणे जिल्ह्यातील प्रयोगाचा प्राण वेळेत नव्हता, गावाच्या अधिकारात होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि पूर्णवेळ शाळा हाच प्रत्येक बालकाचा हक्क ठरला. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन बंधनकारक झाले. शाळेत कधीच न गेलेल्या मुलास वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यावयाचे आहे. रात्रीच्या वर्गाला शाळेचा पर्याय म्हणून आता स्थान नाही. मात्र त्याच कायद्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे, ही तिची कामे. विनाअनुदानित खाजगी शाळांना हे कलम लागू नाही, त्यामुळे शहरातील कित्येक सुशिक्षित पालकांना जो अधिकार नाही, तो जिल्हा परिषदेच्या शाळेतील मजूर आईला कायद्याने आहे.

चित्राताईंचे निधन त्याच वर्षी, २४ डिसेंबरला झाले.