गरम आमटी आणि पातळ पिशवी

खाणावळीतून आणलेली गरम आमटी प्लास्टिकच्या पिशवीतून आपल्या रुग्णाच्या ताटात येत असेल, तर थांबा. उष्णता व तेल यांमुळे प्लास्टिकमधील रसायने अन्नात उतरू शकतात. आमटीसाठी घरून स्टीलचा डबाच पाठवावा. महाराष्ट्रात २०१८ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे. मक्याच्या स्टार्चची पिशवी घ्यायचीच झाल्यास तिच्यावर ‘कंपोस्टेबल’ हा शब्द व केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक पाहावा. तीही घरच्या कुंडीत सहसा कुजत नाही. तिला खतप्रकल्पातील सुमारे ५८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. कुंडीत निमूट माती होतात ती केळीची व पळसाची पाने. बाजारहाटासाठी रुंद पट्ट्यांच्या दोन कापडी पिशव्या न्याव्यात; ओझे विभागते, दुखऱ्या बोटांत पट्टे रुतत नाहीत. ज्येष्ठांनो, ही रीत आपल्याला नवी नाही. नातवंडांना मात्र ती आपणच शिकवावी.